बाईंची राहिलेली खेप

माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. बाई तशा गेलेल्या नाहीत, फक्त माझ्या जिममधून गेल्यात. त्यामुळे तो नियम मला लागू नाही. शिवाय जाताना त्यांनी एक खेप बाकी ठेवली. ज्या बाईने सगळ्यांना खेप फेडायला शिकवलं, तिनेच माझी ठेवली. हे मी विसरणार नाही.

मी जव्हारमध्ये बायकांची जिम चालवते. खाली माझं कपड्यांचं दुकान, वर हॉल. त्याआधी कितीतरी वर्षं मोखाड्याच्या आठवडे बाजारात गोणपाटावर बांगड्या मांडून बसायचे. समोर बसलेली बाई बांगडी घेणार की नुसती चढवून बघणार, हे मला तिच्या मनगटावरून कळायचं. हॉलमधली यंत्रं नाशिकच्या एका बंद पडलेल्या जिममधून घासाघीस करून आणली. विकणारा शेवटी म्हणाला, “ताई, आता टेम्पोचं भाडंपण मीच देऊ का?” मी म्हटलं, द्या. त्याने दिलं.

अशा माझ्याकडे बाई आल्या त्या ‘महिला ट्रेनर पाहिजे’ ही पाटी वाचून. आश्रमशाळेत जन्मभर पी.टी. शिकवून निवृत्त झालेल्या. अंगावर नऊवारी नाही, पाचवारीच, पण पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात मंगळसूत्राच्या जागी शिट्टी. लग्न केलेलं नव्हतं. नमस्कार-चमत्कार काही नाही. सरळ हॉलमध्ये शिरल्या आणि एकेका यंत्राला बोटाच्या पेराने ठोकून, कान लावून ऐकू लागल्या.

“काय बघताय?”

“माठ घेताना वाजवून बघतेस ना?”

“हे लोखंड आहे, बाई.”

“लोखंड खोटं बोलत नाही असं कोणी सांगितलं तुला?” आणि कोपऱ्यातल्या बाकाशी थांबून म्हणाल्या, “ह्याचा पाय मोडून जोडलाय. कोणी गळ्यात मारलं?”

मी त्या बाकाला सहा महिने रोज पुसत होते. जोड मला दिसला नव्हता. त्या दिवसापासून माझं मन त्यांच्याबद्दल साशंक झालं. मग मी पगार सांगितला. अर्थात कमी सांगितला, वर चढायला जागा ठेवून. बाई लगेच “बरं” म्हणाल्या. मी सांगितलेल्या आकड्याला कोणी एका झटक्यात हो म्हटलं की मी सावध होते. असा माणूस एकतर मूर्ख असतो, नाहीतर त्याचा डोळा दुसऱ्याच कशावर असतो. आणि बाई मूर्ख नव्हत्या.

त्यांच्या सवयी सांगायच्या तर त्या कधी खुर्चीत बसत नसत. चहा प्यायच्या त्याही एका पायावर उभ्या राहून, कप संपला की पाय बदलायच्या. जिना चढताना सरळ, उतरताना मात्र उलट्या, कठड्याला न धरता. खालच्या दुकानातली गिऱ्हाइकं नाइटी बघायची सोडून ते बघत बसायची. पाणी स्वतःच्या पोचे आलेल्या स्टीलच्या किटलीतलं. माझ्याकडच्या फिल्टरला त्यांनी एकदाच तोंड लावलं आणि म्हणाल्या, “ह्याला कुठल्याच गावची चव नाही.” कौतुक करायचं झालं तर एकच शब्द: “चालेल.” तो ज्या बाईला मिळाला ती आठवडाभर ताठ चालायची.

ट्रेडमिलवर तर त्यांचा पहिल्यापासून राग. “चालतं लई, पोचत कुठेच नाही,” असं म्हणून त्याच्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत.

मी संशयी आहे असं लोक म्हणतात, पण बाईंपुढे मी काहीच नाही. भाजीवाल्याच्या काट्यावर त्यांचा संशय, डॉक्टरच्या गोळ्यांवर संशय, आणि सगळ्यात जास्त मोबाइलवर. वापरायचा नसेल तेव्हा त्यावर रुमाल घालून ठेवायच्या. “ऐकतो तो,” म्हणायच्या. त्यामुळे मी जिमसाठी अ‍ॅप घेतलं तेव्हा ह्या म्हातारीचं आणि अ‍ॅपचं कसं जमणार, ही मला काळजी होती. जमलं नसतं तर बरं झालं असतं.

अ‍ॅप साधं होतं. जिममधल्या प्रत्येक बाईच्या फोनमध्ये ते टाकायचं. आज कुठले व्यायाम करायचे ते त्यात दिसतात. एक केला की ‘झालं’ दाबायचं, मग पुढचा. कुणी किती केलं ते मला आणि ट्रेनरला दिसतं. सुरुवातीला त्यात सगळे व्यायाम एकाखाली एक होते. बायका वरून खाली बघत, आवडीचे दोन करत आणि घरी जात. सायकल सगळ्यांची लाडकी, पोटाचा व्यायाम कुणाच्याच वाट्याला जात नव्हता. बाईंनी काही दिवस हे रुमालाच्या आडून बघितलं. मग म्हणाल्या, “शेठाणी, ही किराण्याची यादी आहे. यादीतलं माणूस निवडून घेतं. कामातलं निवडता येत नाही.”

त्यांनी मला पहिल्या दिवसापासून शेठाणी म्हटलं. त्यात मान किती आणि टोमणा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

अ‍ॅपमध्ये व्यायामांचे गट बांधता येतात, हे मला विकणाऱ्या पोरानेही सांगितलं नव्हतं. बाईंनी शोधून काढलं. तीन-चार व्यायाम एका गटात बांधायचे. गट सुरू केला की मध्ये थांबायचं नाही, एक झाला की लगेच दुसरा. विश्रांती सगळा गट संपल्यावर. एक गट एकदा पुरा झाला की अ‍ॅप त्याला सेट म्हणतं. बाईंनी ते खोडून ‘खेप’ केलं. आणि गटांना नावं दिली: पाणी, आवणी, चूल, बाजार.

‘पाणी’ म्हणजे दोन हातांत वजनं घेऊन हॉलच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, तिथल्या पेटीवर चढायचं-उतरायचं, आणि शेवटी वजन डोक्यावर उचलायचं. ‘आवणी’ म्हणजे कमरेतून वाकून मागे मागे सरकायचे व्यायाम, भाताची रोपं लावतात तसे. ‘चूल’ म्हणजे बसणं-उठणं. ‘बाजार’ सगळ्यात अवघड, त्यात सगळंच होतं.

माझं डोकं फिरलं. “बाई, लोक पैसे देऊन येतात. त्यांना ‘फॅट बर्न’ पाहिजे, ‘टोनिंग’ पाहिजे. चूल कोणाला पाहिजे?”

“तू खाली त्याच साडीला दर महिन्याला नव्या मालिकेचं नाव लावून विकतेस. मी तुला काही बोलले?”

बायकांनीही कुरकुर केली. आमच्याकडे सुनंदा नावाची एका ऑफिसातली कारकून येते, बोलायला फटकळ. ‘पाणी’ गटात अर्ध्या वाटेत वजनं खाली ठेवून ती म्हणाली, “बाई, आमच्या घरी नळ आहे.”

“म्हणून तर इथे आलीस,” बाई म्हणाल्या. “उचल. हंडा डोक्यावर असताना अर्ध्या वाटेत कोणी बसत नाही. बसायचं ते घरी पोचून.”

सुनंदाने उचललं. बडबडत उचललं, पण उचललं. हे मला पटलं नव्हतं तरी दिसत होतं: बायका गट अर्धा सोडून घरी जाईनाशा झाल्या. यादी अर्धी सोडता येते, पाणी अर्ध्या वाटेवर सोडता येत नाही.

इथवर ठीक होतं. मग त्यांनी जोड्या लावल्या.

माझ्याकडे दोन प्रकारच्या बायका येतात. एक गावातल्या, म्हणजे दुकानदारांच्या घरच्या, ऑफिसातल्या, दवाखान्यातल्या. दुसऱ्या पाड्यांवरच्या मुली. वसतिगृहात राहून पोलीस नाहीतर वनखात्याच्या भरतीची तयारी करणाऱ्या. त्यांना मी सवलत देते, कारण त्या पहाटे येतात आणि तेव्हा हॉल तसाही रिकामा असतो. बाईंनी गावातली एक आणि पाड्यावरची एक अशा जोड्या बांधल्या, आणि सगळ्यांची वेळ एक केली. गटातला एक व्यायाम हिचा, दुसरा तिचा. हिने ‘झालं’ दाबल्याशिवाय तिचं बटण उघडत नाही. तिने केल्याशिवाय हिची पुढची खेप सुरू होत नाही.

“ही सावड आहे,” बाई म्हणाल्या. आज आम्ही तुमच्या वावरात राबतो, उद्या तुम्ही आमच्या. पैसे नाहीत, फक्त खेप फेडायची. आमच्याकडे डोंगरात शेती अशीच होते. पण ती शेतात. पैसे भरून चालणाऱ्या जिममध्ये सावड कशी लावतात?

सुनंदाला जयवंती नावाची मुलगी मिळाली. सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यावरची, सडसडीत, कमी बोलणारी. सुनंदा माझ्याकडे आली. “ताई, मी फी भरते ती तिची वाट बघायला?”

मी म्हटलं, बोलते. बोलण्याआधीच आतून ऐकू आलं. जयवंती सांगत होती, “काकू, दमलात तर बसा. मी हाय उभी. पन मंग माजा बटन नाय उघडत.”

सुनंदा गेली आणि तिने आपला वाटा पुरा केला. कोणी आपल्यासाठी उभं आहे म्हटल्यावर माणसाला बसवत नाही, हे बाईंना ठाऊक होतं. मला त्यातला धोका दिसला. बाई व्यायामाचे गट बांधतात, असं मी धरून चालले होते. ह्यांनी माझी गिऱ्हाइकं बांधली. सुटी गिऱ्हाइकं एकेक करून सांभाळता येतात. बांधलेली एकदम उचलून नेता येतात.

आणि नेणारा आलाच. त्या उन्हाळ्यात गावाच्या दुसऱ्या टोकाला ठाण्याच्या एका माणसाने एसी जिम काढली. काचेचा दरवाजा, आत निळे दिवे, बायकांसाठी वेगळी बॅच. आमचं गाव दोन जिम पोसण्याएवढं नाही. त्याची चालली तर माझी बंद, हे मला पाटी बघूनच कळलं. मी बांगड्यांच्या गोणपाटावरून इथवर आले होते. परत जायला वाट होती, पण वय नव्हतं.

मग मी बाईंवर नजर ठेवली. दुपारी त्या जिन्यात उभ्या राहून फोनवर कोणाशी तरी हळू बोलत. मी आले की “बरं, बघते” म्हणून ठेवून देत. एकदा मला विचारलं, “हे गट दुसऱ्या फोनात पाठवता येतात का गं?” मी म्हटलं, कशाला? म्हणाल्या, “सहज.” बाई सहज काही करत नसत. आणि आठवड्याने, मी बँकेतून येताना, चहाच्या टपरीवर बाई एका पायावर उभ्या. समोर एसी जिमचा मॅनेजर. बाईंचा फोन त्याच्या हातात होता. रुमाल नव्हता.

मी त्यांना हॉलमध्ये गाठलं. आधी आवाज चढवला, मग आठवलं की भाव करताना आवाज चढवणारा हरतो. म्हटलं, “पगार वाढवते.”

“कशाला?”

“तो किती देतो म्हणाला?”

“कोण?”

“चहा पाजणारा.”

“चहा मीच पाजला,” बाई म्हणाल्या. “पगार राहू दे. त्या मोडक्या बाकाला टेकू नका, असं सांगून ठेव सगळ्यांना.” आणि शिट्टी वाजवून आत गेल्या.

पगारवाढ नाकारणारा नोकर मी आजवर दुसरा पाहिला नाही. मी मनात धरलं, हिचं ठरलंय. आता फक्त दिवस ठरायचा आहे.

तो दिवस आषाढात आला. पावसात पाड्यावरच्या मुली आवणीला घरी जातात, हे दरवर्षीचं. ते मी धरूनच चालते. पण त्या सकाळी गावातलीही एक आली नाही. सुनंदा नाही, दवाखान्यातली नर्स नाही, कोणी नाही. बाईंनी आदल्या दिवशीच सुट्टी मागून घेतली होती. मी रिकाम्या हॉलमध्ये काउंटरवर बसले होते. दहाच्या सुमारास माझा फोन वाजू लागला. अ‍ॅप. सुनंदा – आवणी – झालं. जयवंती – आवणी – झालं. नर्स – आवणी – झालं. सगळ्यांची नावं एका दमात खाली उतरली. हॉलमध्ये माझ्याशिवाय माशी नव्हती, आणि माझी अख्खी जिम कुठेतरी व्यायाम करत होती.

कुठे, ते सांगायला ज्योतिषी नको होता. मी छत्रीसुद्धा न घेता एसी जिमवर गेले. काचेचा दरवाजा ढकलला. आत निळ्या दिव्यात मॅनेजर एकटा आरसा पुसत होता. “आइए मॅडम, ट्रायल चाहिए?” त्याने विचारलं. मी बाथरूमपर्यंत बघून आले. कोणी नव्हतं.

जीप स्टँडवर एका ड्रायव्हरने सांगितलं, “तुमच्या बाया ना? सकाळीच सूर्यमाळच्या गाडीत भरून गेल्या. गात होत्या.”

मी मागच्या जीपने गेले. मोखाड्याहून वर घाट चढत, मग पाड्याकडे चिखलाची वाट. उतरले तो खालच्या खाचरात माझी जिम ओळीने वाकलेली. सुनंदाच्या साडीचा कासोटा, नर्सच्या डोक्यावर खताची पिशवी टोपीसारखी, मधे मधे पाड्यावरच्या मुली. मागे मागे सरकत रोपं लावत होत्या, अगदी हॉलमध्ये सरकत तशा. खाचर जयवंतीच्या घरचं होतं. बाई कुठे दिसेनात. मग त्या वरच्या टेकाडावरून उलट्या उतरताना दिसल्या, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत सगळ्यांचे फोन. त्या पाड्यावर रेंज नाही. ‘झालं’ पाठवायचं तर टेकाडाच्या माथ्यावर चढावं लागतं.

मी बांधावरून ओरडले, “माझ्याकडे पैसे भरता आणि इथे फुकट राबता?”

“ताई, ओरडू नका,” सुनंदा मान न उचलता म्हणाली. “ओळ वाकडी होते.”

“बांध ढिला हाय तिथं,” जयवंती म्हणाली, “जरा अलीकडं या, ताई.”

मी त्या पोरीचं ऐकून सरकणार होते, तेवढ्यात बांधाने आपलं खरं केलं. गुडघ्यापर्यंत चिखल. कोणी हसलं नाही, म्हणजे सगळ्या हसत होत्या. बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“ह्या पोरी थंडीपासून ह्या बायकांसाठी उभ्या राहिल्या. आता ह्यांची आवणी आहे. फेडायला नको?”

“फेडायचं काय? दोघींनी फी भरलीय.”

“फी तुला भरली. एकमेकींना काय भरलं?” आणि त्यांनी माझ्या हातात रोपांची एक जुडी दिली.

हातात आलेली वस्तू मी कधी परत देत नाही. लावली. वाकडी लावली, असं नंतर सांगण्यात आलं.

दुपारी एक म्हातारी पाठीवर प्लास्टिकचा कागद घेऊन नागलीच्या भाकऱ्या घेऊन आली. मान खांद्यात रुतलेली, जशी कायम काहीतरी डोक्यावर आहे. बाईंची थोरली बहीण, त्याच पाड्यावरची. मला न्याहाळून तिने बाईंना विचारलं, “ही तुजी शेठीण का? भांडखोर दिसं.”

“आहे,” बाई म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, “मी शाळेत गेले तेव्हा माझ्या वाट्याचं पाणी हिनं आणलं. उन्हाळाभर, दरीतून.” त्यानंतर भाकरी खाल्ली आणि तो विषय परत काढला नाही. माझ्याजवळ त्यांनी घरचं काढलेलं ते तेवढंच.

आवणीचं झालं, पण टपरीवरच्या चहाचं राहिलंच होतं. त्याचा उलगडा दसऱ्यानंतर झाला. एसी जिमने गावभर बॅनर लावले: ‘आमच्याकडे पाणी, चूल, आवणी, बाजार. पारंपरिक फिटनेस.’ म्हणजे गट दिले होते. सगळेच्या सगळे. मी बॅनरचा फोटो बाईंच्या तोंडापुढे धरला.

“दिले,” त्या शांतपणे म्हणाल्या.

“का दिले?”

“मागितले म्हणून.”

मी त्या दिवशी काय काय बोलले ते लिहीत नाही. बाई एका पायावर उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. मधे एकदा पाय बदलला.

पण त्यापुढे जे झालं ते सुनंदानेच येऊन सांगितलं, हसून हसून बोलता येत नव्हतं तिला. त्या मॅनेजरने गट जसेच्या तसे उतरवले होते, जोडीच्या कुलपासकट. आणि गिऱ्हाइकं घेतली होती एकेकटी, ज्याच्या-त्याच्या सोयीची वेळ देऊन. त्यामुळे एखादी गिऱ्हाईक येई, पहिला व्यायाम करी, ‘झालं’ दाबी, आणि पुढचं बटण उघडेना. जोडीदार कोण? कोणी दुसरीच, जी संध्याकाळी येणार. निळ्या दिव्यात बायका एकेकट्या पेटीवर बसून फोनकडे बघत राहिल्या. मॅनेजर अ‍ॅपवाल्यांना फोन लावत राहिला. सुनंदाला त्या जिमवाल्यांनी अर्ध्या फीत यायला सांगितलं होतं, तर ही म्हणाली, “येते, पण जयवंतीच्या खेपा आहेत माझ्यावर. तिलाही अर्ध्या फीत घ्या. आणि तिच्याबरोबरच्या चौघींना. आणि आवणीला सुट्टी.” तिला घासाघीस करायला कोणी शिकवलं कोण जाणे. त्यांनी नको म्हटलं. शिमग्याच्या आधी काचेच्या दारावर ‘भाड्याने देणे’ लागलं.

मी बाईंना विचारलं, “तुम्हाला माहीत होतं हे असं होणार?”

“त्याने गट मागितले, गट दिले. माणसं कशी लावायची ते मागितलंच नाही. न मागितलेलं कसं देऊ?”

ह्या उत्तरावर मी अजून विचार करते. भाव करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. एवढ्या सरळ चेहऱ्याने एवढा नफा मी कोणाला करताना पाहिलं नाही. आणि नफा माझा होता, म्हणून संशय अजूनच वाढला.

त्यानंतर त्या माझ्यामागे लागल्या. “शेठाणी, तुझी जोडी कोण?”

“मी मालकीण आहे. मला जोडी कशाला?”

“म्हणून पाय सुजतात. दिवसभर काउंटरवर बसून माणसांवर डोळा ठेवतेस, त्याने पाय सुजतात.”

त्यांनी माझ्या फोनमध्ये एक गट बांधला. नाव ‘चढ’. पहिला व्यायाम माझा: जमिनीवरून वजन उचलून वरच्या फळीवर ठेवायचं. दुसरा त्यांचा: पेटीवर चढणं-उतरणं. मी उचललं की त्यांनी चढायचं, त्यांनी चढलं की मी उचलायचं. रोज, हॉल उघडायच्या आधी. त्या माझ्यापेक्षा वयाने कितीतरी मोठ्या. मी फसवून कमी उचललं तर काही बोलत नसत, फक्त त्यांची खेप जरा हळू करत. “मोबाइलला खोटं सांगता येतं,” म्हणायच्या, “गुडघ्याला नाही.” पायांची सूज उतरली, हे मी त्यांना सांगितलं नाही. लगेच ‘चालेल’ म्हणाल्या असत्या.

ह्या उन्हाळ्यात एके दिवशी मी माझा वाटा उचलला, ‘झालं’ दाबलं, आणि बघितलं तर बाई जिन्यात फोनवर. तोच हळू आवाज. आत आल्या, किटली उचलली, शिट्टी गळ्यातून काढून नुकत्याच आलेल्या सुनंदाच्या हातात दिली. “आता तू बघ ह्यांना,” म्हणाल्या. माझ्याकडे बघून मान हलवली आणि जिना उलट्या उतरून गेल्या. मला वाटलं, चहाला. त्या परत आल्या नाहीत.

माझ्या फोनमध्ये ‘चढ’ तसाच अडकला. माझं झालेलं. त्यांचं बाकी. माझं पुढचं बटण राखाडी.

नर्सने सांगितलं की थोरली बहीण दरीतल्या झऱ्यावर पाणी भरताना घसरली, मांडीचं हाड मोडलं. दुपारचे ते फोन पहिल्यापासून तिच्याकडचेच होते, टेकाडावर चढून केलेले. हिच्या वाट्याचं पाणी तिने आणलं होतं, आता तिच्या वाट्याचं आणायला ही गेली. असं म्हणतात. मी आधी जीपवाल्यांकडे चौकशी केली, मोखाड्यात नवी जिम निघाली का. नाही म्हणाले. फोन लावला तर रेंज नाही. निरोप पाठवला, हिशेबाचे पैसे घेऊन जा, परत यायचं तर पगार तुम्ही सांगाल तो. उत्तर नाही. जिम चालू आहे, सुनंदा शिट्टी वाजवते, जयवंतीची भरतीत निवड झाली आणि तिच्या जागी तिची धाकटी बहीण येते. सगळ्यांच्या खेपा वेळेवर. फक्त माझी जोडी बुडीत. अ‍ॅपवाला पोरगा म्हणाला, मॅडम, तो गट उडवून देऊ का, नवा बांधा. मी त्याला म्हटलं, बुडवणारं माणूस मी विसरत नसते. राहू दे पुरावा.

परवा दुपारी खाली दुकानात एका गिऱ्हाइकाशी परकराच्या भावावरून वाजलं होतं. फोन टिंग झाला. वैतागून बघितलं.

बाई – चढ – झालं.

माझा पहिला विचार हाच, की बसल्या जागी नुसतं बटण दाबलं असणार. पेटी कुठे आहे तिथे? कोण बघतंय? तोंडाने म्हणालेही, “खोटं.” परकरवाली म्हणाली, “खोटं काय, मागच्या वेळी ह्याच भावात नेला होता.”

मग आठवलं की त्या पाड्यावर बसल्या जागी बटण चालतच नाही. ‘झालं’ पाठवायचं तर टेकाडाचा माथा गाठावा लागतो.

मी परकर तिने सांगितलेल्या भावात देऊन टाकला आणि वर गेले. माझं बटण उघडलं होतं.